'दाऊ' म्हणजे तू की आपण? शेक्सपिअरकालीन इंग्रजीतल्या एकेरीबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. शेक्सपिअरच्या नाटकांतले काही प्रवेश मराठीत करायचे आहेत. त्यात जागोजागी 'दाऊ' येतं. बायबलमध्ये देवालाही 'दाऊ'च म्हणतात, म्हणजे हा आदराचा शब्द असणार, तेव्हा त्यासाठी 'आपण' वापरावं का? शब्दकोशात नुसतं 'तू (जुना प्रयोग)' एवढंच दिलंय. सोबत त्याच ढंगात स्वतः रचलेलं एक वाक्यही तपासायला दिलंय: 'ओ किंग, दाऊ नोएथ नॉट व्हॉट दी हॅस्ट डन.'

आधी सरळ उत्तर देतो. 'दाऊ' एकेरी आहे. त्यात आदर नाही आणि कधी नव्हता. आदराचं सर्वनाम 'यू' होतं, आज सगळीकडे सरसकट वापरलं जातं तेच. गैरसमज होतो कारण आपल्याला 'दाऊ' भेटतं ते प्रार्थनेत, दहा आज्ञांत, नाहीतर कवितेत, आणि तिथल्या गांभीर्याचा वास शब्दाला लागतो. खुद्द इंग्रजी मातृभाषा असलेल्या कित्येकांना 'दाऊ' भारदस्त वाटतं. खरं तर मराठी माणसाने इथे फसू नये. आपण साहेबाला 'आपण' म्हणतो आणि विठोबाला 'तू'. 'तूं माउलीहून मयाळ' म्हणताना तुकोबांनी देवाचा मान कमी केला असं कुणाला वाटत नाही. मराठी ख्रिस्ती प्रार्थनाही 'हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो' अशीच आहे. फादर स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला, शेक्सपिअरचा समकालीन जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक संघाचा धर्मगुरू. गोव्यात राहून त्याने मराठीत ख्रिस्तपुराण रचलं, ते 1616 मध्ये छापलं गेलं, आणि त्यातही देवाला 'तूं'च आहे. मायभाषेत देवाला 'दाऊ' म्हणणाऱ्या माणसाला मराठीतलं हे 'तूं' परकं वाटलं नसणार.

पण 'दाऊ म्हणजे तू' एवढ्यावर थांबलात तर भाषांतर अडेल, कारण या एका शब्दाआड तीन वेगवेगळे रिवाज आहेत. एका रिवाजात तो फक्त वचन दाखवतो: समोर एक जण असेल तर 'दाऊ', अनेक असतील तर 'यी' किंवा 'यू'. दुसऱ्यात तो नातं दाखवतो, म्हणजे जवळीक, वडिलकी, तुच्छता किंवा राग. तिसऱ्यात तो निव्वळ काव्याचा किंवा उपासनेचा पोशाख असतो. म्हणून हातात मजकूर आला की तो कुठल्या काळातला आणि कुठल्या प्रकारचा आहे हे आधी बघावं, अर्थ मग लावावा.

मुळात फरक वचनाचाच होता. अगदी जुन्या इंग्रजीत एकाला एक रूप आणि अनेकांना दुसरं, मग समोर राजा असो की गुराखी. तेराव्या शतकापासून फ्रेंच दरबारी वळणाच्या प्रभावाने एकट्या बड्या माणसालाही अनेकवचन लावायची पद्धत आली, आपल्या 'तुम्ही'सारखीच. 1600 च्या सुमारास लंडनमध्ये अनोळखी, बरोबरीच्या आणि वरच्या माणसाला 'यू' हा नेहमीचा शिष्टाचार झाला होता. 'दाऊ' उरलं ते नोकर, मुलं, जिवलग, शत्रू, देव, भुतं आणि निर्जीव वस्तू यांच्यापुरतं.

1611 चं किंग जेम्स बायबल या शिष्टाचाराच्या फंदात पडत नाही. मूळ हिब्रू आणि ग्रीकमध्ये एकवचन-अनेकवचन वेगळं दिसतं, ते इंग्रजीत जपायचं एवढंच त्याचं धोरण. त्यामुळे तिथे देव, सैतान, राजा, भिकारी, सगळे 'दाऊ'. लूकच्या शुभवर्तमानात, 22व्या अध्यायात येशू शिमोनाला सांगतो की सैतानाने 'यू'ला गव्हासारखं चाळायला मागितलं आहे, पण मी 'दी'साठी प्रार्थना केली आहे. पहिलं सर्व शिष्यांबद्दल, दुसरं एकट्या शिमोनाबद्दल. मराठीत 'तुम्हांला' आणि 'तुझ्यासाठी' म्हटलं की काम झालं. आजच्या इंग्रजीत दोन्हीकडे 'यू' येतं आणि फरक बुडतो. याच बायबलमध्ये 'यी' कर्त्याच्या जागी आणि 'यू' कर्माच्या जागी हेही कसोशीने पाळलंय; शेक्सपिअरकडे ही दोन रूपं सर्रास मिसळतात.

तुमच्या गैरसमजाला हातभार लावणारी गोष्ट नंतर घडली. 1952 मध्ये पूर्ण झालेल्या, बायबलच्या रिव्हाइज्ड स्टँडर्ड आवृत्तीने माणसांमधलं 'दाऊ' काढून टाकलं आणि फक्त देवाला उद्देशून ठेवलं. साहजिकच वाचकाला ते राखीव आदराचं सर्वनाम वाटू लागलं. 1989 च्या सुधारित आवृत्तीत तेही गेलं.

आता रूपं. 'आय, मी, माय, माइन' ही मालिका तुम्हाला पाठ आहेच. तिच्याच जोडीला 'दाऊ, दी, दाय, दाइन' ठेवा. ज्या जागी 'आय' बसेल तिथे 'दाऊ', 'मी' बसेल तिथे 'दी', 'माय'च्या जागी 'दाय', 'माइन'च्या जागी 'दाइन'. शंका आली की वाक्य स्वतःबद्दलचं करून बघायचं. 'आय लव्ह मी' असं रचता येतं, 'आय लव्ह आय' नाही, म्हणून 'आय लव्ह दी'. ख्रिस्ती विवाहविधीतल्या जुन्या 'विथ धिस रिंग आय दी वेड'मध्ये 'दी' क्रियापदाच्या आधी आलंय, पण आहे ते कर्मच: या अंगठीने मी तुला वरतो. एक बारकावा आहे. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर 'दाय'ऐवजी 'दाइन' येतं, जसं 'दाइन आइज'. 'ह'पुढेही पुष्कळदा तसंच. हा नियम शेक्सपिअरकडे ढिला आहे, त्यामुळे मूळ संहितेत उलट दिसलं तर छपाईची चूक समजून दुरुस्त करायला जाऊ नका.

क्रियापदात बहुतेकांची चूक ठरलेली असते. 'दाऊ'बरोबर शेवटी 'एस्ट' किंवा नुसतं 'स्ट' लागतं: 'दाऊ गोएस्ट', 'दाऊ नोएस्ट', भूतकाळात 'दाऊ केमेस्ट'. 'एथ' हा प्रत्यय तृतीय पुरुषी एकवचनाचा, आजच्या 'गोज', 'नोज' मधल्या 'स'च्या जागचा. 'एथ' लावलं की काहीही जुनं वाटतं, म्हणून जाहिरातींपासून स्नेहसंमेलनाच्या संहितांपर्यंत सगळीकडे 'दाऊ गोएथ' सापडतं. 'तू जातोस' म्हणायच्या ठिकाणी 'तू जातो' म्हणावं तसं ते आहे.

दोन्ही प्रत्यय एका ठिकाणी ऐकायचे तर तेविसावं स्तोत्र घ्या. सुरुवातीला देवाबद्दल बोलणं आहे, म्हणून 'ही मेकेथ', 'ही लीडेथ'. चौथ्या ओवीत मृत्यूच्या छायेची दरी येते आणि भक्त एकदम देवाकडे वळून बोलू लागतो: 'दाऊ आर्ट विथ मी'. मग 'दाऊ प्रिपेअरेस्ट', 'दाऊ अनॉइंटेस्ट', आणि लगेच प्याल्याबद्दल 'माय कप रनेथ ओव्हर'. प्याला तृतीय पुरुषी, म्हणून पुन्हा 'एथ'. तिथलंच 'माइन एनिमीज' स्वरापुढच्या रूपाचा नमुना आहे.

अनियमित रूपं थोडीच आहेत, ती पाठच करावीत. आर चं 'आर्ट', हॅव चं 'हॅस्ट', विल चं 'विल्ट', शॅल चं 'शॅल्ट', कॅन चं 'कॅन्स्ट', वूड चं 'वूड्स्ट'. वॉज साठी 'वॉस्ट', आणि 'असतास तर' अशा अर्थाने 'वर्ट'. 'मस्ट' बदलत नाही. डू चं सहायक रूप 'डोस्ट' असं लिहिलेलं दिसतं, पण उच्चार 'डस्ट', धूळ या अर्थाच्या शब्दासारखा. रंगमंचावर 'डोस्ट' म्हटलेलं कानाला खडा लागल्यासारखं वाटतं. आज्ञार्थात प्रत्यय नसतो: 'गो दाऊ', किंवा हॅम्लेट ऑफिलियाला म्हणतो तसं 'गेट दी'. तिथल्या 'दी'चा अर्थ 'स्वतःला ने', म्हणजे 'चालती हो'. प्रश्नात क्रियापद पुढे येतं: 'व्हिदर गोएस्ट दाऊ', कुठे चाललास. त्याच पठडीतलं ज्युलिएटचं 'व्हेअरफोर आर्ट दाऊ रोमिओ' मात्र 'रोमिओ, तू कुठे आहेस' असं सर्रास भाषांतरित होतं. 'व्हेअरफोर' म्हणजे का. तू रोमिओच का आहेस, वैऱ्याच्या घराण्याचं नाव तुलाच का लागलं, असा तिचा सवाल आहे.

तुमचं वाक्य या हिशेबाने असं होईल: 'ओ किंग, दाऊ नोएस्ट नॉट व्हॉट दाऊ हॅस्ट डन.' 'नोएथ'चं 'नोएस्ट' झालं, आणि 'काय केलंस' मध्ये तू कर्ता आहेस म्हणून 'दी'च्या जागी 'दाऊ' आलं. व्याकरण बसलं. पण हे राजाला म्हणतंय कोण? दरबारी असेल तर तो 'यू नो नॉट व्हॉट यू हॅव डन' म्हणेल. 'दाऊ' तोंडून निघालं की त्याने राजाचा राजेपणा झुगारला असा अर्थ होतो. तुम्हाला तो हवा असेल तर वाक्य फार चांगलं आहे.

हाच शेक्सपिअर वाचण्याचा गाभा. त्याच्याकडे 'दाऊ' किती वेळा आलं याला फारसा अर्थ नसतो. एकाच जोडीच्या बोलण्यात 'यू'चं 'दाऊ' कधी होतं आणि 'दाऊ'चं 'यू' कधी, तिथे नाट्य असतं. मराठीत 'एकेरीवर येणे' म्हणतात ती नेमकी ही क्रिया, आणि इंग्रजीत त्यासाठी 'दाऊ' हेच क्रियापद म्हणून वापरत. 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये सर टोबी आपल्या मूर्ख मित्राला आव्हानपत्र कसं लिहावं हे शिकवताना सांगतो की त्याला दोन-तीनदा 'दाऊ' केलंस तरी हरकत नाही. म्हणजे चांगलं अरे-तुरे कर. हे नाटकापुरतंच नव्हतं. 1603 मध्ये सर वॉल्टर रॅले याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक भर न्यायालयात त्याच्यावर ओरडला, 'आय दाऊ दी, दाऊ ट्रेटर!' अरे-तुरेच करतो तुला, देशद्रोह्या. एका सरदाराला जाहीरपणे 'दाऊ' म्हणणं हा अपमान होता, आणि तो ठरवून केलेला होता.

किंग लिअरचा पहिला प्रवेश या नजरेने वाचा. लिअर लाडक्या कॉर्डेलियाला राज्याचा वाटा मागायला लावतो तेव्हा तिला 'यू' म्हणतो. भर दरबारातला औपचारिक समारंभ आहे तो. ती 'काही नाही' म्हणते, तरी तो 'यू'वरच राहून तिला बोलणं सुधारायला सांगतो. मग 'गोज दाय हार्ट विथ धिस?', हे अगदी मनापासून बोलतेयस का, इथे तो घसरतो आणि पुढचा सगळा शाप 'दाय'मध्ये येतो. मध्ये पडणारा सरदार केंट आधी 'रॉयल लिअर', 'माय किंग' असं बोलत असतो. राजा ऐकत नाही म्हटल्यावर तोच केंट म्हणतो, 'व्हॉट वूड्स्ट दाऊ डू, ओल्ड मॅन?' राजाला 'दाऊ' आणि वर 'म्हाताऱ्या'. त्या काळच्या प्रेक्षकाच्या अंगावर काटा आला असेल. भाषांतरात दोन्हीकडे 'आपण' ठेवलंत तर केंटला हद्दपारी कशाबद्दल झाली तेच कळणार नाही.

मात्र प्रत्येक बदलात खोल अर्थ शोधत बसू नका. 'प्रिदी' (विनवतो तुला), 'फेअर दी वेल' (सुखरूप राहा) असे ठोकळे वाक्प्रचार 'यू'च्या संभाषणातही येतात. यमकासाठीही निवड होते. समोर नसलेल्या माणसाला, मेलेल्याला किंवा वस्तूला उद्देशून बोलताना 'दाऊ' हा साधा संकेत आहे. मॅक्बेथ हवेतल्या खंजिराला 'दी' म्हणतो त्यात जवळीक-दुरावा काढण्याचं कारण नाही. माझा अनुभव असा की समोरासमोरच्या भांडणात, मनधरणीत आणि निरोपात झालेला बदल बहुतेक वेळा अर्थपूर्ण असतो, आणि गद्यातल्या गप्पांतला पुष्कळदा नसतो.

पुढे हा शब्द गेला कसा? सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या प्रमाण बोलीत तो जवळजवळ संपला. समोरच्याचा दर्जा नक्की माहीत नसेल तर 'यू' म्हणण्यात धोका नव्हता, 'दाऊ' म्हणण्यात होता. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी उलट हट्ट धरला: देवापुढे सगळे सारखे, म्हणून न्यायाधीशालाही 'दाऊ'च म्हणणार. त्यापायी त्यांनी मार खाल्ला. त्यांच्या बोलण्यात पुढे 'दी'च कर्ता होऊन 'दी इज' असं रूप रूढ झालं, म्हणून एखाद्या क्वेकर पात्राच्या तोंडी ते दिसलं तर चूक समजू नका. यॉर्कशायरच्या बोलीत 'दा' या रूपाने एकेरी अलीकडेपर्यंत टिकली. कीट्सचं ग्रीक कलशाला उद्देशून 'दाऊ', किंवा टागोरांच्या 1912 च्या इंग्रजी गीतांजलीची 'दाऊ हॅस्ट मेड मी एंडलेस' ही सुरुवात, हा तिसरा रिवाज. तिथे मराठीत निःशंक 'तू' घ्या. आणि दुकानांच्या पाट्यांवरच्या 'यी ओल्ड'मधला 'यी' या घराण्यातला नाहीच. 'थ'साठी एक जुनं अक्षर होतं, ते 'वाय'सारखं दिसे. तो शब्द साधा 'द' आहे.

आता तुमचं मुख्य काम. दाऊला तू आणि यूला तुम्ही असं यंत्रासारखं लावून चालणार नाही, कारण आपली नाती वेगळ्या जागी एकेरी आहेत. मराठी मुलगा आईला 'तू' म्हणतो. हॅम्लेट आईला बहुतेक वेळा 'यू' म्हणतो. शेक्सपिअरच्या बायका नवऱ्याला बहुधा 'यू' म्हणतात, ते 'अहो'शी छान जुळतं. नवरे मात्र 'यू' आणि 'दाऊ' दोन्ही वापरतात, आणि आपल्याकडे नवऱ्याने बायकोला 'तुम्ही' म्हणणं राजघराण्याबाहेर कानाला खटकतं. शिवाय आपल्याकडे 'आपण' ही तिसरी पायरी आहे, जी इंग्रजीत नव्हती. ती राजा आणि दरबार यांच्यासाठी राखून ठेवा. एरवी 'तुम्ही' पुरतं.

पद्धत अशी ठेवावी. मूळ संहितेच्या प्रतीवर 'दाऊ'ची सर्व रूपं एका रंगाने आणि 'यू'ची दुसऱ्या रंगाने खुणावून घ्या. दोनच माणसं बोलत असताना रंग बदलतो तिथे समासात फुली मारा. मग प्रत्येक जोडीचं मराठी नातं ठरवा: ही दोघं मराठीत एरवी एकमेकांना काय म्हणतील? तो त्यांचा पाया. फुलीच्या जागी पायापासून किती आणि कुठल्या दिशेने सरकायचं हे त्यानंतर बघा. शब्द जुळला नाही तरी चालेल, सरकणं दिसलं पाहिजे.

हॅम्लेट आणि त्याच्या आईच्या महालातल्या भेटीत ही कसोटी लागते. राणी म्हणते, हॅम्लेट, 'दाऊ हॅस्ट दाय फादर मच ऑफेंडेड'. तो उत्तर देतो, मदर, 'यू हॅव माय फादर मच ऑफेंडेड'. तिच्या वाक्यातला बाप म्हणजे तिचा नवा नवरा, त्याच्या वाक्यातला म्हणजे खून झालेला राजा. ती मायेच्या एकेरीत सुरू करते, तो थंड 'यू'ने तिला लांब ठेवतो. ते झोंबल्यावर तीही पुढच्या ओळीत 'यू'वर जाते. मराठीत रागावलेली आई मुलाला सरळ 'तुम्ही' म्हणत नाही, पण टोमण्यात नक्की म्हणते: 'फार मोठे झालात!' तोच दरवाजा वापरा. 'हॅम्लेट, तू तुझ्या वडलांना फार दुखवलंस.' 'मातोश्री, तुम्ही माझ्या वडलांना फार दुखवलंत.' 'असं? उलट उत्तरं द्यायला लागलात, युवराज?' इथे 'आई'ऐवजी 'मातोश्री' मुद्दाम घेतलंय. 'आई, तुम्ही' म्हटलं तर आईला 'अहो' म्हणणारं घर समजून प्रेक्षक सोडून देईल, दुरावा पोचणार नाही.

आणि अशा ओळींत सर्वनाम गाळू नका. 'दुखवलंस' आणि 'दुखवलंत' यांत शेवटच्या एका व्यंजनाचा फरक आहे, आणि वाक्याचा शेवट नट नेमका गिळतो. तिसऱ्या रांगेपलीकडे 'स' आणि 'त' सारखेच ऐकू येतात. फुली मारलेल्या प्रत्येक ओळीत 'तू', 'तुम्ही' किंवा हाक मारण्याचा शब्द वाक्याच्या सुरुवातीला ठेवा. केंटच्या ओळीत 'म्हाताऱ्या' आधी येऊ द्या, 'काय करायला निघालास' नंतर.